बाबांच्या टाचेसाठी सूत

मागच्या जानेवारीत आईने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. मीच कातलेल्या, मीच विणलेल्या राखाडी मोज्याला टाचेवर रुपयाएवढं भोक, आणि भोकातून दिसणारी बाबांची टाच. सोबत आईचा आवाज: "टाच तं पार गेली ना वं. रफू करून टाकू का?"

मोजे पाठवून जेमतेम पाच आठवडे झाले होते. भंडाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलं गारठतं. बाबा साडेपाचला फिरायला निघतात, आणि लेकीचे मोजे आल्यापासून दुसऱ्या मोज्यांना हात लावत नव्हते. रोज घातले म्हणूनच फाटले, हे कळत होतं. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी राहते ते स्किप्टन इंग्लंडात, उत्तर यॉर्कशरमध्ये, डेल्स म्हणतात त्या डोंगरदऱ्यांच्या तोंडाशी आहे. जुन्या इंग्रजीत या नावाचा अर्थच मेंढ्यांचं गाव. खिडकीतून टेकडीवर पांढरे ठिपके दिसतात, दगडी कुंपणं दिसतात, आणि वर्षातले बरेच दिवस पाऊस. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी कताई शिकले. इकडे विणकर, कातणारे आणि रंगारी यांची गिल्ड असतात, आपल्या महिला मंडळासारखी. तिथल्या एका ऐंशीच्या बाईंनी पहिल्या दिवशी हातफण्यांवर लोकर पिंजून तिची गुंडाळी माझ्या हातात दिली. त्याला त्या रोलॅग म्हणाल्या. माझ्या तोंडून एकदम निघालं, "पेळू!" माझे आबाजी वर्ध्याला शाळेत टकळीवर सूत कातायचे. म्हातारपणीही त्यांच्या कपाटात कापसाचे पेळू कागदात गुंडाळून ठेवलेले असत. सात हजार किलोमीटरवर तीच वस्तू हातात आली. त्या दिवसापासून मी कातणं सोडलेलं नाही.

फाटलेल्या मोज्याचा फोटो मी त्याच बाईंना दाखवला. मोज्याचं उरलेलं सूत त्यांनी दोन बोटांत धरून उलगडलं, ताणलं, आणि विचारलं, "मेरिनो ना? दोन पदरी?" दोन्ही बरोबर. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण वीस मायक्रॉनचा, लोण्यासारखा मऊ. मला वाटलं होतं, बाबांच्या पायाला चांगल्यातलं चांगलं द्यावं. पण इतका बारीक तंतू बुटात घासला की त्याच्या गोळ्या होतात, गोळ्या झडतात आणि सूत पातळ होत जातं. त्यात मी पीळही सैल दिला होता, मऊपणा जाऊ नये म्हणून. "हे गळ्याभोवतीचं सूत आहे," त्या म्हणाल्या, "पायातलं नाही."

दुकानात मिळणाऱ्या मोज्यांच्या सुतात बहुतेकदा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. ते टिकतं, आणि त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पण नायलॉन आलं १९३८ मध्ये. त्याआधी या डेल्समधल्या डेंटसारख्या गावांत बायका, पुरुष, पोरं सगळेच मोजे विणत, गुरांमागे चालता चालतासुद्धा. हॉज गावच्या संग्रहालयात त्यांच्या कमरेला खोचायच्या लाकडी दांड्या ठेवल्या आहेत. विणायची सुई त्या दांडीत रोवायची, म्हणजे एक हात मोकळा. काहींवर बारीक कोरीवकाम आहे. अशा एका दांडीसमोर मी बराच वेळ उभी होते. त्या लोकांचे मोजे शेतात, दगडांत, चिखलात वापरले जायचे, तेही नायलॉनशिवाय. मग माझ्याच्याने का होऊ नये?

म्हणून मी मिश्रणाच्या मागे लागले. शंभर ग्रॅमसाठी माझा हिशेब असा ठरला: ७० ग्रॅम ब्लूफेस्ड लेस्टर, २० ग्रॅम मोहेर, १० ग्रॅम कोसा.

ब्लूफेस्ड लेस्टर ही इथलीच मेंढी, लांब नाकाची, उभ्या कानांची. डेल्समधले शेतकरी हिचा एडका स्वेलडेल मेंढीला लावतात. हिची लोकर मेरिनोपेक्षा जाड आणि लांब, पण टोचत नाही, आणि बारीक कुरळी असल्यामुळे मोजा पायाला धरून राहतो. मोहेर म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस. ते गुळगुळीत, चिवट, घासलं तरी सहज झिजत नाहीत. मात्र त्यांना स्प्रिंग नाही. जास्त घातले तर मोजा दुपारपर्यंत घोट्यावर लोळतो.

आणि कोसा, म्हणजे टसर रेशीम. इथे कातणाऱ्यांच्या दुकानात टसर रेशीम सर्रास मिळतं, पण ते बहुतेक चीनचं, ओकच्या पानांवर वाढलेल्या किड्यांचं. आमच्याकडे भंडारा-गडचिरोलीत ढिवर कुटुंबं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवतात, आणि आंधळगावच्या कोसा साड्या तर लग्नाकार्यात सगळ्यांनी पाहिलेल्या. उन्हाळ्यात आई आली तेव्हा मी तिला साडी मागितली नाही, फुटके कोसे मागितले. पाखरू भोक पाडून बाहेर पडलं की त्या कोशातून अखंड धागा निघत नाही, पण माझ्यासारखीला तोच हवा. धुण्याचा सोडा घालून मी ते तासभर उकळले. घरभर ओल्या, जुनाट पाल्याचा वास सुटला. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "मामाच्या घरचा वास आला बघ." मग दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून ते बोटांनी उसवले. आत मधाच्या रंगाचा फुगीर पुंजका निघतो. उजेडात धरला की चमकतो.

खरी अडचण लांबीची. लोकरीची बट दहा सेंटिमीटर, मोहेर पंधरा, कोशाचे तंतू वाटेल तेवढे. असंच मिसळलं तर कातताना लांब तंतू आधी पळून येतात, आखूड मागे राहतात, आणि सुतात कुठे दोरी तर कुठे केस. म्हणून मी मोहेर आणि कोसा कात्रीने दहा सेंटिमीटरवर कापून घेतला. पिंजायच्या ड्रमवर एक थर लोकर, एक थर मोहेर, वर कोशाची विरळ साय, पुन्हा लोकर. मोहेर हवेत उडतं, बोटांना चिकटतं, म्हणून अधूनमधून पाण्याचा फवारा. पहिल्या फेरीला पट्टे दिसतात, दुसरीला ढग. तिसरीला सगळं एकजीव होतं आणि तिथेच हात आवरायचा. मी एकदा पाचव्या फेरीपर्यंत गेले आणि कोशाच्या साबुदाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या. त्या वेचण्यात एक अख्खा रविवार गेला.

कातताना बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: पीळ बोटांच्या मागे शिरू द्यायचा नाही. पुढची बोटं थोडे थोडे तंतू ओढतात, मागच्या हाताने पेळू हलकेच धरायचा, आणि ओढलेल्यावरून बोट सरकवत हवा दाबून काढायची. सूत गुळगुळीत, घट्ट निघतं. असे तीन पदर, प्रत्येकाला वाटतो त्याहून जास्त पीळ, मग तिन्ही एकत्र उलट्या दिशेने. दोन पदरी सूत चपटं असतं, तीन पदरी गोल, त्यामुळे एकच पदर घासला जात नाही. कोमट पाण्यात भिजवून लड वाळत घातली तेव्हा ती न वळता सरळ लोंबली. शंभर ग्रॅममध्ये ३४० मीटर भरलं. सव्वादोन मिलिमीटरच्या सुयांवर, बोट शिरणार नाही इतक्या घट्ट टाक्यांनी विणलं.

ते मोजे बाबांना दसऱ्याला मिळाले. या जानेवारीत मीच आईकडे फोटो मागितला. टाच शाबूत आहे, तळवा थोडा आटून जाड झालाय. डाव्या अंगठ्याजवळ मात्र विणकामातून उजेड दिसतो. बाबा डावा पाय ओढून चालतात, हे मला आई बोलली नव्हती. मोज्याने सांगितलं. मी फोन केला, गुडघ्याची चौकशी केली. बाबा म्हणाले, "काही नाही, थोडं दुखते."

पुढच्या महिन्यात जाणार आहे, डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन जाईन. अंगठ्यापुरतं वेगळं सूत करायचं ठरवलंय, मोहेर ३० ग्रॅम करून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मोजून ठेवलंय, आणि आईला निरोप गेलाय, फुटके कोसे टाकू नकोस.