रात्री दीड वाजता आलेली आसरा

फोन वाजला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. जानेवारीचा महिना, नाशिकच्या गंगापूर रोडवरचा आमचा फ्लॅट, अंगात स्वेटर आणि त्यावर शाल. तिकडे न्यूयॉर्कला दुपारचे तीन. क्लायंट अमेरिकेतली विमा कंपनी. पॉलिसी नूतनीकरणाचं ट्रान्झॅक्शन काही ग्राहकांना आपटत होतं, बाकीच्यांचं बिनबोभाट चाललं होतं. मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, ट्रान्झॅक्शन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे सीआयसीएस; प्रोग्रॅम मध्येच कोसळला की त्याला अबेंड म्हणतात. स्क्रीनवर सीआयसीएसचा नेहमीचा निरोप: ट्रान्झॅक्शन अमुक, अबेंड एएसआरए, केलेले बदल मागे घेतले.

प्रॉडक्शन सपोर्टला येऊन मला चारच महिने झाले होते. तोवर जे अबेंड पाहिले ते दुसऱ्याच्या खांद्यावरून. त्या रात्री ऑन-कॉल मी एकटा.

आमच्या टीममध्ये कुणी ए-एस-आर-ए म्हणत नाही, सगळे ‘आसरा’ म्हणतात. शहरात वाढलेल्या पोरांना त्यात निवारा ऐकू येतो. मी निफाड तालुक्यातला. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड आहेत, साती आसरा. भर दुपारी एकटं माणूस दिसलं की पाण्यात ओढतात, असं आजी सांगायची. त्यामुळे हा कोड पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला तो बरोबर वाटला होता.

एएसआरए स्वतः फारसं काही सांगत नाही. प्रोसेसरने प्रोग्रॅमची एखादी सूचना चालवायला नकार दिला, एवढंच. प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला असता तर एआयसीए आला असता. पहिला प्रोग्रॅमच सापडला नसता तर एपीसीटी. इथे नकार कशाला होता ते लॉगमध्ये पुढे मिळालं: झिरो सी सेव्हन, डेटा एक्सेप्शन. म्हणजे जिथे आकडा हवा तिथे आकडा नव्हता. त्याच ओळीत प्रोग्रॅमचं नाव आणि हेक्समधला ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासून किती बाइटवर तो पडला ते अंतर.

पुस्तकी पद्धत सोपी आहे. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करताना जी यादी निघते ती कंपाइल लिस्टिंग; तिच्या शेवटी प्रत्येक ओळीचा ऑफसेट छापलेला असतो. आपल्या ऑफसेटपेक्षा लहान पण त्याच्या सगळ्यात जवळचा शोधायचा, ती आपली ओळ. मी शोधली. ग्राहकाचं नाव स्क्रीनच्या मॅपवर टाकणारा साधा मूव्ह निघाला.

त्या मूव्हकडे मी पाऊण तास बघत बसलो. अक्षरं इकडून तिकडे नेताना झिरो सी सेव्हन येऊच शकत नाही. तिथे कुणी आकडा तपासतच नाही. लिस्टिंग जुनं असेल म्हणून कंपाइलची तारीख ताडून पाहिली, जुळत होती. मग मी चक्क त्या नावातच काहीतरी वाकडं असेल म्हणून एकेक अक्षर तपासायला लागलो. अडीच वाजता माणूस काय करेल सांगता येत नाही.

शेवटी पुण्याच्या मॅडमना मेसेज टाकला. पंचवीस वर्षं मेनफ्रेमवर काढलेली बाई, झोपेतून उठून दोन वाक्यं लिहिली: “अरे, लिंक-एडिटचा मॅप बघितलास का? तुझा प्रोग्रॅम शून्यापासून सुरू होतो असं कुणी सांगितलं?”

नव्हताच होत. लिंक-एडिट म्हणजे तुकडे जोडून चालवण्याजोगं एक लोड मॉड्यूल करणं; कुठला तुकडा कुठे बसला ते मॅपमध्ये दिसतं. सीआयसीएसच्या प्रोग्रॅमला लिंक करताना एक छोटा स्टब, म्हणजे सीआयसीएसशी जोडणारा कोडचा तुकडा, जोडतात. आमच्याकडे तो सगळ्यात पुढे बसलेला, आणि आमचा कोबॉल भाषेतला प्रोग्रॅम त्याच्या मागे. लॉगमधला ऑफसेट अख्ख्या लोड मॉड्यूलच्या सुरुवातीपासून मोजलेला, लिस्टिंगमधला फक्त कोबॉलच्या सुरुवातीपासून. स्टबची लांबी वजा केली आणि बोट काही ओळी वर सरकलं. तिथे अॅड होता: प्रीमियममध्ये अधिभार मिळवणारा.

आता संशयित एकच. अधिभाराची फील्ड कॉम्प-थ्री, सात अंकांची, म्हणून चार बाइटची. या पॅक्ड प्रकारात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह: अधिकला सी, उणेला डी, बिनचिन्हाला एफ. ट्रान्झॅक्शन डंप, म्हणजे पडल्या क्षणीची मेमरीची नक्कल, उघडला, लिस्टिंगमधल्या डेटा मॅपवरून अंतर मोजत गेलो. आधी पॉलिसी नंबर दिसला, प्रत्येक अंकाआधी एफ असलेला, ओळखीचा. आणखी पुढे ते चार बाइट: ४०४०४०४०.

मेनफ्रेमच्या एबसिडिक या अक्षर-संकेतात हेक्स ४० म्हणजे रिकामी जागा. स्पेस. जिथे चिन्ह हवं तिथे शून्य बसलेलं, आणि शून्य हे चिन्ह नाही. प्रोसेसरने हात वर केले ते बरोबरच केले.

कोड निर्दोष होता, रेकॉर्ड आजारी होतं. मग ते असं का झालं? रेकॉर्डची मांडणी जिथे लिहिलेली असते त्या कॉपीबुकचा इतिहास काढला. काही महिन्यांपूर्वी रेकॉर्डच्या शेवटच्या फिलरमधून, म्हणजे राखीव मोकळ्या जागेतून, चार बाइट कापून ही फील्ड केलेली. फिलरमध्ये पहिल्यापासून स्पेस. जुन्या रेकॉर्डांत तिथे शून्य भरायला एक बॅच जॉब चालवला होता, आणि त्या जॉबने लॅप्स झालेल्या, म्हणजे हप्ते थकून बंद पडलेल्या, पॉलिसी वगळल्या होत्या. मेलेल्या पॉलिसीला अधिभार कशाला, असा विचार झाला असणार. पण लॅप्स पॉलिसी पुन्हा चालू करता येते. त्या दिवशी काही ग्राहकांनी थकबाकी भरून तेच केलं होतं. टेस्टिंगमध्ये हे सापडणं शक्य नव्हतं, कारण टेस्टचा डेटा नवा कोरा, एकही मेलेली पॉलिसी त्यात नव्हती. टेस्ट रीजनमध्ये तसं एक रेकॉर्ड मुद्दाम बनवलं, सीईडीएफ हे सीआयसीएसचं तपासणीचं साधन लावून एकेक पायरी चालवली, आणि आसरा मुकाट्याने पुन्हा आली. इतका आनंद कधी अबेंड बघून झाला नव्हता.

तात्पुरता उपाय दोन ओळींचा: अॅडच्या आधी फील्ड न्यूमेरिक आहे का विचारायचं, नसेल तर शून्य टाकायचं. मंजुरीला मात्र तासभर गेला. सीईएमटी या सीआयसीएसच्या कमांडने न्यूकॉपी मारली, म्हणजे प्रोग्रॅमची नवी प्रत चढवायला गेलो, तर ती बसेना, कारण प्रोग्रॅम वापरात. फेज-इन दिलं: चालू असलेली कामं जुन्यावर संपतात, नवी नव्या प्रतीवर जातात. साडेपाचला तिकडच्या बाईंनी तीच पॉलिसी पुन्हा उघडली आणि फोनवर फक्त “ओके” म्हणाल्या.

लगेच गावाहून आबांचा फोन. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. पारा असा घसरला की पाणी उतरलेले द्राक्षाचे मणी तडकतात.

“जागाच का रे?”

“आसरा आली होती, आबा.” मग सगळं सांगावं लागलं.

“गेली का मग?”

“एक गेली. लॅप्स पॉलिसी मोजल्या नाहीत अजून, आज दुपारी जॉब लावायचाय.”

“मग भर ओटी तिची दुपारी,” आबा म्हणाले, “आता झोप.”