व्ही-क्रॉसच्या मागच्या एक्सलला बार बनवला, दुसऱ्या खेपेला जमला

आजऱ्याकडं आमचं शेत आहे, शेवटचा अर्धा किलोमीटर नुसता जांभ्याचा चढ. पावसात वरची माती धुऊन जाते, दगड उघडे पडतात आणि त्यावर शेवाळ धरतं. माझी व्ही-क्रॉस म्हणजे इसुझूची पिकअप, 2017 ची, 2.5 लिटरवाली, टॉर्क 320 न्यूटन मीटर. मागं पाटा (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि एक्सलच्या मधे दोन इंची ब्लॉक टाकून गाडी उचलून घेतली, टायर 265/75 आर 16 घातले, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या चढावर फोर-लो मधे (चारही चाकांना जोर, हळू गिअर) मागनं धडधडधड सुरू झालं. खताची पोती असली की जास्तच. तीन महिन्यांत मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. गॅरेजवाले म्हणाले क्रॉस बदला, बदलला, दोन महिन्यांनी परत तोच आवाज.

मग मी मोबाईल चेसीला पट्टीनं आवळला, कॅमेरा डिफरन्शियलकडं केला आणि चढ चढून आलो. घरी व्हिडिओ स्लो करून बघितला तर पोटात गोळाच आला. क्लच सुटला की पिनियनचं नाक, म्हणजे डिफरन्शियलचं शाफ्टकडचं टोक, सरळ वर उचलतंय, पाट्याला एस सारखा बाक येतोय, टायर सटकला की सगळं धाडकन खाली, आणि परत तेच. चाक पुढं फिरतं तेव्हा एक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) उलटं फिरायला बघतं, त्याला अडवायला फक्त पाटा असतो, आणि ब्लॉकमुळं एक्सल पाट्यापासून अजून लांब गेल्यानं मुरगळणं वाढलेलं. यात गाडीचा काही दोष नाही, बदल आपणच केलेला.

हे मुरगळणं अडवायला एक्सल आणि चेसीच्या मधे बार लावतात. तयार बार बाहेरून मागवायचा तर फार महाग पडत होता, म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरला गेलो. तिथं लेथवाला, वेल्डर, बुशवाला सगळे एका हाकेवर. पहिला बार मी कागदावर काढून दिला तसाच त्यांनी केला, सरळ पाइप, एक टोक एक्सलला, दुसरं चेसीला, दोन्हीकडं बुश. धडधड थांबली, पण खड्ड्यातनं जाताना मागची बाजू काठीसारखी ताठ, आणि तिसऱ्या आठवड्यात चेसीकडच्या ब्रॅकेटच्या वेल्डला केसाएवढी चीर. लेथवाले मामा बघून म्हणाले, "अहो, पाटा दबला की लांब हुतोय, एक्सल मागं सरकतोय. तुमचा बार लांब हुनार हाय का?" एवढ्या एका वाक्यात मला माझी चूक कळली, पाटा एक्सलला एका वाटेनं नेत होता, बार दुसऱ्या, आणि त्या ओढाताणीत ब्रॅकेट फाटत होतं. बारनं एक्सलचं फिरणं अडवायचं, मागंपुढं सरकणं अजिबात अडवायचं नाही.

दुसरा बार मग त्रिकोणी केला. हाऊसिंगला वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट, तिथं हलायला जागाच नाही. खालचा पाइप सीमलेस, 44 मिमी बाहेरनं, जाडी 5, वरचा 32 चा, दोन्ही पुढं एकत्र येतात आणि ते टोक क्रॉसमेंबरला (चेसीच्या आडव्या दांड्याला) उभ्या शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, त्यामुळं पुढंमागं झुलतं पण वर जात नाही. एक चाक वर एक खाली झालं की बार पिळतो, म्हणून तिथं टिपरच्या टॉर्क रॉडचा गोल रबर बुश घातला, हा बुश कुठल्याही ट्रकच्या दुकानात मिळतो. मागच्या एक्सलवर 1000 किलो, पकड 0.8, टायरची त्रिज्या 0.4 मीटर असं धरलं तर एक्सलला मुरगळणारा जोर साधारण 3100 न्यूटन मीटर होतो, बार 1.1 मीटरचा, म्हणजे शॅकलवर जवळपास 290 किलो. झटके आणि लोड धरून मी ब्रॅकेट 8 मिमी प्लेटचे आणि बोल्ट 16 मिमीचे, 10.9 या जास्त ताकदीच्या ग्रेडचे घेतले.

वेल्डिंगला मात्र घाई करू देऊ नका. बॅटरीचे टर्मिनल काढले, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावला, नाहीतर करंट बेअरिंगमधनं जातो. हाऊसिंगला एका दमात वेल्ड मारला तर उष्णतेनं नळी ओढली जाते, म्हणून इंचभर इकडं, इंचभर तिकडं, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. या कामाला अख्खी दुपार गेली, वेल्डर एकदाही कुरकुरला नाही. आणि शॅकलचं माप गाडी चाकांवर उभी असताना, मागं पोती टाकून घेतलं. जॅकवर घेतलं असतं तर एक्सल खाली लोंबला असता आणि सगळा कोन चुकला असता. सायलेन्सर आणि डिझेल टाकी दोन्हीपासून बोटभर फट ठेवली, एक चाक दगडावर चढवून परत बघितली.

200 किलोमीटरनंतर बोल्ट परत आवळले, त्यातले दोन बोल्ट अर्धा फेरा बसले. पिनियनचा तोच व्हिडिओ परत काढला, नाक जरासं हलतं, बास. हा दुसरा पावसाळा आहे, क्रॉस तोच आहे, आणि परवा बारा पोती घेऊन चढलो तेव्हा मागनं फक्त टायरखाली दगड चुरडल्याचा आवाज येत होता.