एकोणचाळीसचा घोळ

लेक दुसरीत आहे. परवा संध्याकाळी तिला अंक सांगायला बसलो. ''एकोणचाळीस,'' मी म्हटलं. तिनं चौकटीच्या वहीत ऐटीत ४९ लिहिलं. ''खोड.'' तिनं वहीला भोक पडेस्तोवर खोडलं आणि पुन्हा लिहिलं, ४९.

माझा आवाज चढला. पलीकडे मटार सोलत बसलेली आई म्हणाली, ''अरे, ओरडतोस काय? का लिहिलं ते विचार की तिला.''

विचारलं. ''एकोण म्हटलं की शेवटी नऊ. आणि तू चाळीस म्हणालास, म्हणून आधी चार.''

मी गप्प. पोरीचं काय चुकलं होतं? एकोण म्हणजे एकाने उणे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही उण्याची रांग चालते आणि नव्याण्णवला अचानक मोडते; तिथे 'एकोणशंभर' कुणी म्हणत नाही. बाकीच्यांची तऱ्हा वेगळीच. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी तोंडात येतो, लिहिताना चार आधी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तर तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जुनं त्र्याहत्तरही पुस्तकात होतंच, पण ते बघतो कोण? त्यावरचे विनोद मीही हौसेनं पुढे ढकलले होते. पोटची पोर त्र्याहत्तरला अडेपर्यंत हसायला काय जातं?

तसा गृहपाठात मदतीचा माझा उत्साह दांडगा. मागच्या महिन्यात आइस्क्रीमच्या काड्यांचं घर रात्री अकरापर्यंत जागून मीच केलं. बाईंनी 'छान' शेरा दिला, तो मी दोनदा वाचला. लेक त्या रात्री नऊलाच झोपली होती.

आईनं मटाराचं ताट पुढे सरकवलं. ''चाळीस दाणे मोज गं.'' दहा-दहाचे चार ढीग झाले. ''आता एक खा.''

तिनं खाल्ला. ढिगांकडे बघत राहिली. तीन पूर्ण, चौथ्यात नऊ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं डोळे वटारले. मला, तिला नाही.

''म्हणजे चाळीस अजून झालेच नाहीत!'' पोरगी ओरडली आणि ३९ लिहून मोकळी झाली. मग आणखी एक दाणा उचलला. ''अडतीस.'' आणखी एक. ''सदतीस.''

''पुरे,'' आई म्हणाली, ''उसळीला राहू देत.''