आबांची चप्पल

मागच्या कपाशीच्या सीझनला एक दिवस आबा शेतातून आले, ओट्यावर चप्पल काढली न थेट जेवायला बसले. आईला फरशीवर लाल ठिपके दिसले, दारापासून ताटापर्यंत. चप्पल उलटी केली तर बाभळीचा काटा, तळ फोडून पार आत आलेला. आणि आबा निवांत बट्टी कुस्करताहेत. "दुखत नही ना, मंग कसाले डॉक्टर?"

अठरा वर्षांची शुगर आहे त्यांना. जळगावला नेलं तर डॉक्टरांनी आधी जखम साफ केली, मग एका दांडीला लावलेली नायलॉनची बारीक तार काढली. तळव्यावर टेकवून दाबायची, वाकली की 10 ग्रॅमचा दाब पडला. आबांना डोळे मिटायला सांगितले, लागलं की हो म्हणा. अंगठा, चवडा, सगळीकडे लावून झालं तरी आबा म्हणे, "लावा ना आता." शुगरनं पाय पार बधिर झालेला. मला तिथं खुर्चीतच घाम फुटला.

जखम भरायला दोन महिने गेले. त्यात मी शहाणपणा करून ॲक्युप्रेशरची, टोचऱ्या दाण्यांची चप्पल आणली होती, रक्त फिरतं म्हणून, डॉक्टर म्हणाले आधी ती फेका. बधिर पायाला एकाच जागी दाब बसत राहिला की आधी कातडी जाड होते, मग तिच्याखाली जखम होते, न माणसाला पत्ताच नाही.

मग एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल बनवून घेतली. कागदावर पाय ठेवून माप घेतलं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो. आतला थर अंगठ्यानं दाबला की दबतो, खालचा तळ मात्र कडक, काटा शिरायला नको. खिळा एकही नाही, अंगठा अडकवायची नाही, मागे पट्टा. पहिले काही दिवस तास-दोन तासच घालायची न काढून तळवे बघायचे, लाल झालंय का.

आबा चार दिवस घालेनात. अशी चप्पल त्यांनी पूर्वी कुष्ठरोग्यांच्या पायात पाहिलेली, गाव काय म्हणेल. खरंय, ती कुष्ठरोग्यांसाठीच वापरात आली, तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी दाखवून दिलं होतं की त्यांच्या पायाच्या जखमा बधिरपणामुळे होतात. आबांचा पायही तसाच बधिर ना, पण हे त्यांना सांगणार कोण!

आता घालतात. रोज सकाळी आधी हात घालून चाचपतात, परवा तुरीचा दाणा निघाला तर मला हाक मारून दाखवला. घरात मात्र अजून अनवाणीच फिरतात, त्यावरून आईचं न त्यांचं रोज वाजतं.