सेंट्रिंग प्लेटांपासून सदनिकांपर्यंत : आमची वाटचाल

वडील गवंडीकाम करायचे. १९९६ मध्ये आम्ही दोघा भावांनी सांगलीत सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतताना खाली लागणाऱ्या) प्लेटा भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढे लोकांची घरं बांधून दिली आणि २००९ पासून तीन-चार मजली इमारती स्वतःच उभ्या करतो. माहितीपत्रकात मिरवण्यासारखं त्यात फार काही नाही. पण जुन्या खतावण्या चाळल्या, की आमच्या नफ्यापेक्षा सरकारी तिजोरीचाच हिशोब जास्त दिसतो.

२००५ मध्ये विक्रीकर जाऊन व्हॅट आला, मागोमाग सेवाकर. २०१७ च्या मे महिन्यात महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारं राज्याचं प्राधिकरण), जुलैत जीएसटी. प्रत्येक वेळी सीए साहेबांची फी तेवढी वाढली.

आमची नेहमीची सदनिका तीस लाखांची. सरकारच्या ‘परवडणारं घर’ या गटात बसते, म्हणून जीएसटी १ टक्का : तीस हजार. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि महापालिका हद्दीचा अधिभार १ टक्का : एक लाख ऐंशी हजार. नोंदणी फी तीस हजार. खरेदी बाईंच्या नावे असली तर मुद्रांकात तीस हजार वाचतात. आम्ही तसं आवर्जून सुचवतो. एरवी दोन लाख चाळीस हजार घरात पाऊल टाकण्याआधीच जातात. त्यातला जीएसटी राज्य आणि केंद्रात अर्धा-अर्धा, मुद्रांक मात्र राज्याचाच.

आमच्या धंद्यात भाषणं होतात, ‘बिल्डर राज्याला कर देतो.’ हे मला कधी पटलं नाही. हे सगळे पैसे गिऱ्हाइकाचे, बहुतेक वेळा गृहकर्ज काढून दिलेले.

आमच्या खिशातून जातं ते वेगळं आणि न दिसणारं. सळईवरचा १८ टक्के जीएसटी, खडी-मुरमाच्या प्रत्येक ब्रासवरची (शंभर घनफुटांवरची) रॉयल्टी, विकास शुल्क, बांधकाम खर्चावरचा १ टक्का कामगार कल्याण उपकर. २०१९ च्या एप्रिलपासून सदनिकांवर नवे दर आले आणि मालावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. दर कमी झाला म्हणून गिऱ्हाईक खूश. पण सिमेंटवरचा कर शेवटी चौरस फुटाच्या भावातच शिरतो. भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्यानंतर) सदनिका विकली तर जीएसटी शून्य, म्हणून काही जण थांबून राहतात. त्यांनाही हा आतला कर चुकत नाही.

स्वतःचं एकच घर बांधणारा माणूस हल्ली माल स्वतः आणतो आणि आम्हाला नुसती मजुरी देतो, कारण त्या मजुरीवर जीएसटी नाही. मालासकट ठेका घेतला तर १८ टक्के. कोण घेणार?

२०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्याने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, तेव्हा लॉकडाऊनपासून पडून राहिलेल्या आमच्या सदनिका गेल्या. मजूर गावाहून परतले, वीटभट्टीवाल्याची उधारी फिटली. दर उतरवूनही व्यवहार फिरतात, हे तेव्हा पाहिलं. अशी सवलत फक्त संकटातच का सुचावी, हा माझा प्रश्न आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बुकिंग केलेल्या एका काकांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं, ‘मग आमचे किती कमी करताय?’ विश्रामबागेतल्या चालू कामाचा हिशोब त्यांच्यासमोर मांडला. जागेच्या भावापुढे सिमेंटची बचत केवढीशी, ते त्यांनीच कॅल्क्युलेटरवर पाहिलं. तरी पार्किंगच्या फरशीच्या पैशांत थोडं सोडलंच.