एकच डबकं, दिवसाच्या आणि रात्रीच्या ओहोटीत

या मुक्कामाला खडकांवर भटकायचं नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं. एरवी आम्ही दिसेल त्या डबक्यात डोकावत पुढे सरकायचो. यंदा एकच डबकं निवडलं आणि प्रत्येक ओहोटीला तिथेच जाऊन बसलो. किनाऱ्यावर तंबू टाकण्याचा खरा फायदा मला यातच दिसतो. बहुतेक किनाऱ्यांवर एका ओहोटीनंतर पुढची साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. त्यामुळे दिवसाची ओहोटी पाहिली की रात्रीचीही मिळते. दिवसभरापुरतं येऊन परत जाणाऱ्यांची नेमकी तीच हुकते, आणि डबक्यातलं निम्मं जग तर रात्री जागं होतं.

तंबूबद्दल थोडक्यात. उधाणाच्या भरतीने टाकलेल्या वाळलेल्या शेवाळाच्या रेघेच्या बरंच वर जागा घेतली. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत, म्हणून कापडी पिशव्या वाळूने भरल्या, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधल्या आणि हातभर खोल पुरून वरून वाळू तुडवून घट्ट केली. रात्री वारा चांगलाच सुटला, पण एकही दोरी सैल पडली नाही.

तारखा पौर्णिमेच्या आसपासच्या निवडल्या. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाचा जोर सर्वात जास्त असतो. तेव्हा भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. दिवसाची आणि रात्रीची ओहोटी सारखीच खोल असते असंही नाही, तेव्हा तक्त्यातले उंचीचे आकडे दोन्हींसाठी वेगवेगळे बघा.

मुलं बरोबर असतील तर बाराव्या हिश्शाचा हिशोब पाठ हवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या फक्त बाराव्या भागाइतकं वर येतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं. हा अंदाज आहे, किनाऱ्यागणिक फरक पडतो. आमचा नियम साधा आहे: ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, मागे हटणाऱ्या पाण्याच्या मागोमाग जायचं आणि पाणी फिरलं की सगळ्यांनी परतायचं. रात्री यात कसलीही सूट नाही. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी, पायात घट्ट बूट आणि दिवसा पाहून ठेवलेलीच वाट.

आता डबक्याकडे. लांबीला माणसाएवढं, खोली गुडघ्यापर्यंत, एका बाजूला कपार. दिवसा पहिली दहा मिनिटं काहीच हललं नाही. मग काठावरचा एक शंख चालू लागला. आत शंखात राहणारा खेकडा होता. धाकट्याला तो उचलायचा होता, पण थोरलीने त्याला आधीच बजावलं, "हात नाही, डोळे." रिकामे शंखही आम्ही आणत नाही. या खेकड्यांचं पोट मऊ असतं आणि अंग वाढलं की त्यांना मोठं घर लागतं, ते याच रिकाम्या शंखांतून मिळतं. दगड उचललाच तर अलगद उचलायचा आणि होता तसाच परत ठेवायचा. खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उलटी होऊन उन्हात पडली तर वाळून मरतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका लिंपेटपाशी, म्हणजे गोगलगायीच्या जातकुळीतल्या एका समुद्री जीवापाशी. शंकूच्या आकाराचं कवच, खडकाला घट्ट चिकटलेलं. कवचाची कड खडकाच्या उंचसखलपणाशी इतकी जुळलेली की नखही शिरणार नाही. दुपारी एकाच कोनातून फोटो काढून ठेवला. रात्री तिथे फक्त एक फिकट वळ होता आणि लिंपेट वीतभर दूर, ओल्या खडकावर शेवाळ खरवडत होतं. सकाळच्या फोटोत ते पुन्हा त्याच वळावर, तोंडही त्याच दिशेला. चरून घरी परतण्याची ही सवय लिंपेटच्या अनेक जातींत आहे, पण स्वतः पाहिल्यावर आम्ही चौघंही एकमेकांना फोटो दाखवत राहिलो. खडक खरवडणारे त्याचे दात गोथाइट या लोहखनिजाच्या तंतूंनी बनलेले असतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत हे दात तोवर तपासलेल्या जैविक पदार्थांमध्ये सर्वात मजबूत ठरले.

रात्रीचा दुसरा लाभ कपारीत. दिवसा मिटून चिकट गोळा झालेली समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे प्राणी, पूर्ण उमलली होती. कोळंब्या तळ सोडून काठाच्या उथळ पाण्यात आल्या होत्या. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, अंधारात मात्र तेही फक्त वापरतं, म्हणून डबक्यातला प्राणवायू रात्री घटतो. कोळंब्या बहुधा त्यामुळेच वर आल्या असाव्यात. बॅटरीवर लाल कागद लावला तेव्हा त्या बिथरल्या नाहीत. पांढऱ्या उजेडात लगेच पळायच्या.

पुढचा मुक्काम अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत. तेव्हा भरती कमी चढते आणि वरच्या पट्ट्यातल्या काही डबक्यांत ओळीने काही दिवस समुद्राचं पाणी पोचतच नाही. तशा एका डबक्याचं तापमान आणि खारटपणा सकाळ-दुपार-रात्र मोजायचा आहे. खारटपणा मोजायचं साधन थोरली हाताळणार, नोंदवही धाकट्याकडे. असं मोजमाप कुणी आधी केलं असेल तर किती अंतराने आकडे घेतले ते जरूर सांगा.