आधी विहीर तपासा, मग पाण्याचा अहवाल

इंधनगळतीच्या जागच्या भूजलाच्या अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा दिसला की बहुतेक जण पान उलटतात. निरीक्षण विहिरींचा, म्हणजे भूजलाची पातळी आणि नमुने घेण्यासाठी खणलेल्या बोअरचा, आढावा घेणाऱ्याचं काम मात्र तिथूनच सुरू होतं. त्या विहिरीच्या जागी, त्या खोलीवर इंधन असतं तर ते तिला सापडलं असतं का, हे आधी ठरवावं लागतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे हवाईतल्या ओआहू बेटावरचं अमेरिकी नौदलाचं रेड हिल इंधन केंद्र.

दुसऱ्या महायुद्धात डोंगराच्या पोटात बांधलेल्या तिथल्या २० टाक्या. एकेकीची उंची सुमारे ७६ मीटर आणि क्षमता जवळपास ४.७ कोटी लिटर. टाक्यांच्या तळापासून साधारण ३० मीटर खाली पिण्याच्या पाण्याचा भूजलसाठा. जानेवारी २०१४ मध्ये पाच नंबरच्या टाकीतून सुमारे एक लाख लिटर जेट इंधन गळालं. २०१५ मध्ये अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए, हवाईचं आरोग्य खातं आणि नौदल यांच्यात करार-आदेश झाला आणि विहिरींचं जाळं वाढत गेलं. पण हे जाळं टाक्या डोळ्यांसमोर ठेवून विणलं होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंधन सांडलं ते बोगद्यातल्या अग्निशमन यंत्रणेच्या पाइपमधून, टाक्यांपासून दूर, थेट पिण्याच्या पाण्याच्या शाफ्टजवळ, म्हणजे भूजल उपसण्याच्या खोल भुयाराजवळ. म्हणून आढाव्यात पहिला नकाशा विहिरींचा नको. आधी टाक्या, पाइपलाइन, व्हॉल्व्ह, ड्रेन आणि संप (सांडलेलं द्रव साठवणारे खड्डे) यांचा काढावा, मग त्यावर विहिरी मांडाव्यात.

पुढचा प्रश्न पाण्याच्या दिशेचा. हवाईचा बेसाल्ट आपल्या दख्खनच्या खडकाचा चुलत भाऊ, पण वयाने फारच तरुण. लाव्हाच्या दोन थरांमधल्या भुगाळ पट्ट्यांतून पाणी सुसाट धावतं आणि शेजारच्या घट्ट पाषाणात अडून बसतं. पाणी एवढं सहज वाहू देणाऱ्या खडकात पाणीपातळीचा उतार नगण्य असतो. दोन विहिरींतला फरक कित्येकदा काही सेंटिमीटरचाच. तिथे मोजमापाची चूक उताराहून मोठी ठरते. १५० मीटरचं बोअर २ अंशांनी कललं असेल तर टेप सुमारे ९ सेंटिमीटर जास्त उतरते, म्हणजे पातळी तेवढी खाली दिसते आणि प्रवाहाचा बाण उलटा फिरू शकतो. म्हणून खोल बोअरचा कल जायरोस्कोपने मोजून घ्यावा, केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या) तोंडाची उंची एकाच सर्वेक्षणात बांधावी, सगळ्या विहिरींचं मोजमाप शक्य तितक्या कमी वेळात उरकावं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर साधारण १ सेंटिमीटर पाण्याइतका फरक पडू शकतो, तोही नोंदवावा. नौदलाचं भूजल-प्रवाहाचं मॉडेल २०२२ मध्ये दोन्ही नियामकांनी नामंजूर केलं. गणित कितीही देखणं असलं तरी विहिरींतलं प्रत्यक्ष पाणी त्याच्याशी जुळायला हवं.

आता विहिरीची बांधणी. इंधन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जाळीचा पाइप पाणीपातळीच्या वर-खाली दोन्हीकडे हवा. जाळी पूर्ण बुडालेली असेल तर वर तवंग असूनही विहिरीत तो शिरत नाही आणि अहवाल निर्मळ येतो. उलट विरघळलेलं प्रदूषण शोधताना लांब जाळी दगा देते. अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात लिटरमागे १,२०० मायक्रोग्रॅम असेल आणि ६ मीटरच्या जाळीतून सगळीकडून सारखंच पाणी येत असेल, तर बाटलीत जेमतेम १०० उतरतात. तिथे वेगवेगळ्या खोलीवर स्वतंत्र कप्पे असलेली विहीर लागते. बोअर लॉगमध्ये, म्हणजे बोअर खणतानाच्या नोंदीत, आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: बेंटोनाइटचं (पाण्यात फुगणाऱ्या मातीचं) सील नेमकं कुठून कुठवर आहे आणि ड्रिलिंगला कोणतं वंगण वापरलं. रॉडच्या ग्रीसनेसुद्धा टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, चढलेलं दिसतं.

नमुना घेताना कमी वेगाचा पंप, मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर. पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त खचू देऊ नये. दर ३ ते ५ मिनिटांनी नोंद घेऊन सलग तीन वेळा पीएच ±०.१, वाहकता ±३ टक्के, रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण विभव) ±१० मिलिव्होल्ट आणि गढूळपणा व विरघळलेला ऑक्सिजन ±१० टक्क्यांत राहिला, की मगच बाटली भरायची. बाष्पशील घटकांसाठी ४० मिलिलिटरची आम्ल घातलेली कुपी काठोकाठ भरून उलटी करून टिचकी मारावी. वाटाण्याएवढा बुडबुडा वर आला तर ती कुपी बाद. फील्ड-शीटवर सगळे आकडे पहिल्या नोंदीपासूनच जुळलेले दिसले तर खुशाल संशय घ्यावा. असं पाणी निसर्गात क्वचितच मिळतं.

प्रयोगशाळेला काय शोधायला सांगितलं, हेही पाहायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सांडलेल्या जेपी-५ या जेट इंधनात बेंझीन अगदी थोडं असतं, म्हणून ‘बेंझीन आढळले नाही’ यावरून तिथे काहीच सिद्ध होत नाही. डिझेल-वर्गातलं टीपीएच, नॅफ्थलीन आणि मिथाइलनॅफ्थलीन हवंच. इथेच सिलिका जेलचा वाद येतो. इंधन जंतूंनी अर्धवट पचवलं की ध्रुवीय घटक तयार होतात आणि सिलिका जेलमधून गाळल्यावर ते निघून जातात. आकडा लगेच खाली येतो, पाणी मात्र तेच राहतं. हे घटकही मूळ इंधनाचेच, म्हणून न गाळलेला आकडा धरावा, ही हवाईच्या आरोग्य खात्याची भूमिका मला पटते. गाळलेला आकडा शेजारी छापायला हरकत नाही.

टाक्यांमधलं बहुतेक इंधन २०२३ च्या अखेरीस काढून झालं आहे. खडकात मुरलेलं तिथेच आहे, त्यामुळे ‘नमुन्यांच्या चार फेऱ्या स्वच्छ आल्या, आता विहिरी कमी करू’ ही मागणी कधी ना कधी येणारच. तेव्हा त्या चार फेऱ्यांत कोणते पंप चालू होते ते विचारावं. शेजारच्या खोऱ्यातला होनोलुलू पाणीपुरवठा मंडळाचा हालावा शाफ्ट डिसेंबर २०२१ मध्ये बंद ठेवावा लागला. तो बंद असतानाचे नमुने तो सुरू झाल्यावर पाणी कुठे वळेल हे सांगू शकत नाहीत. विहिरी कमी करायच्या असतील तर आधी पंपिंग बदलून पाहावं, पावसाळी आणि कोरड्या अशा दोन्ही काळांत नमुने घ्यावेत आणि मगच तळापासून वर ग्राउट (भरावाचं पातळ मिश्रण) भरून ते बोअर बंद करावं.